गाडी फोनवर काय सांगते, आणि काय सांगत नाही

या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कापलेत, पण सगळे नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुठल्याही सोसायटीत एक गोष्ट हमखास होते. खाली कोणीतरी सुतळी बॉम्ब लावतं आणि पार्किंगमधल्या चार गाड्या एकदम कोकलायला लागतात. खिडकीतून कोणी डोकावतही नाही, वॉचमन खुर्चीतून उठत नाही. गाडीच्या जुन्या अलार्मची गोची हीच होती. धक्का ओळखणारा सेन्सर फटाक्याने वाजतो, ढोल-ताशाने वाजतो, आणि मांजराने बोनेटवर उडी मारली तरी वाजतो. इतका वाजतो की शेवटी कोणालाच ऐकू येत नाही.

मग गाड्या थेट मालकाच्या फोनवर बोलायला लागल्या. आपल्याकडे २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर आल्या आणि 'कनेक्टेड कार' हा शब्द जाहिरातींत सगळीकडे दिसायला लागला. आज टाटा, मारुती, महिंद्रा, किया, सगळ्यांची आपापली ॲप्स आहेत. शिवाय बाहेरून बसवून घ्यायचे जीपीएस ट्रॅकर आहेतच. जाहिरातीतली गोष्ट साधारण अशी असते: रात्री कोणीतरी दाराला हात लावतं, मालकाचा फोन वाजतो, मालक बेडवरूनच बटण दाबतो, चोर पळून जातो.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे असं काही बघितलं की डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा: गाडीला चोरी होतेय हे कळलंच नाही तर? आजचा भाग या एका प्रश्नावर आहे. कारण हल्लीचा चोर अलार्म वाजायची वाट बघत नाही. आपणच मालक आहोत अशी तो गाडीची खात्री पटवतो.

दारापासून खिशापर्यंत

आधी रस्ता समजून घेऊ. तुमची गाडी तुमच्या फोनशी थेट बोलत नाही. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी एक डबी असते, तिला टेलिमॅटिक्स युनिट म्हणतात. तो एक बिनस्क्रीनचा मोबाइलच समजा. त्यात मोडेम असतो, जीपीएस असतं, ई-सिम असतं, आणि काही गाड्यांत स्वतःची छोटी बॅटरीही असते. गंमत म्हणजे अशा मशीनच्या सिमना आपल्याकडे १३ आकडी नंबर असतात, आपल्यासारखे १० आकडी नाही.

गाडी बंद करून तुम्ही घरी गेलात की ही डबी झोपते. झोपावंच लागतं, नाहीतर काही दिवसांत गाडीची १२ व्होल्टची बॅटरी खलास होईल. मग दाराचा स्विच हलला, गाडी तिरकी झाली, किंवा इग्निशन चालू झालं, की तिला उठवलं जातं. ती उठते, मोबाइल नेटवर्क पकडते, कंपनीच्या सर्व्हरला निरोप देते. सर्व्हर तो निरोप गूगलच्या किंवा ॲपलच्या नोटिफिकेशन सेवेकडे देतो, आणि ती सेवा तुमच्या फोनपर्यंत पोचवते. सगळं नीट असेल तर काही सेकंदांचं काम. पण मोजलंत का? सेन्सर, डबी, नेटवर्क, कंपनीचा सर्व्हर, गूगल-ॲपल, फोन. सहा जणांच्या हातातून आलेला निरोप आहे हा. एक जण झोपला तरी तुम्हाला काहीच कळत नाही.

मालकच आला असं वाटलं तर

आता बिनचावीच्या गाड्या घ्या, म्हणजे खिशात स्मार्ट की ठेवून दाराला हात लावला की उघडणाऱ्या. गाडी हळू आवाजात, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर, विचारते, 'आहेस का जवळ?' हा आवाज मीटर-दोन मीटरच्या पलीकडे जात नाही. चावीने तो ऐकला तर ती रेडिओवरून योग्य उत्तर देते आणि दार उघडतं. रिले नावाच्या चोरीत दोघं असतात. एक गाडीपाशी उभा राहतो, दुसरा तुमच्या घराच्या दाराबाहेर. दोघांच्या हातात एकेक यंत्र. गाडीचा हळू आवाज पहिला पकडतो, दुसरा तो तुमच्या हॉलमधल्या चावीला ऐकवतो, चावी इमानदारीत उत्तर देते. गाडीला वाटतं मालक शेजारी उभा आहे. जर्मनीतला मोटार क्लब, एडीएसी, अशा बऱ्याच गाड्या तपासत आलाय आणि यादी मोठी आहे.

यात अलार्मचं काय होतं बघा. दार चावीने उघडलं, म्हणून अलार्म आपोआप बंद होतो. 'जबरदस्तीने दार उघडलं' हा अलर्ट येणारच नाही, कारण गाडीच्या हिशेबाने जबरदस्ती झालेलीच नाही.

याहून भारी किस्सा लंडनचा आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. इयन टेबर हे गाड्यांच्या सायबर सुरक्षेवर काम करणारे संशोधक. त्यांच्याकडे टोयोटा रॅव्ह-४ होती. २०२२ मध्ये एके दिवशी त्यांना दिसलं की पुढचा बंपर कोणीतरी ओढलाय आणि हेडलाइटची वायर काढलीये. त्यांना वाटलं पोरांची मस्ती असेल. नंतर पुन्हा तसंच झालं. आणि मग जुलैमध्ये गाडीच गेली.

त्यांनी टोयोटाच्या ॲपच्या सेवेत गाडीने वर पाठवलेल्या नोंदी बघितल्या. चोरीच्या सुमारास गाडीने एररचा ढीग पाठवला होता: अमुक युनिटशी संपर्क तुटला, तमुकशी तुटला. यावरून माग काढत त्यांनी आणि केन टिंडेल या दुसऱ्या तज्ज्ञांनी चोरांची पद्धत उलगडली, आणि टिंडेल यांनी २०२३ मध्ये ती सविस्तर लिहून काढली. आधुनिक गाडीतली सगळी युनिट्स एका सामायिक तारेवर गप्पा मारतात, तिला कॅन बस म्हणतात. एखाद्या चाळीतल्या गॅलरीसारखी आहे ती. कोणीही ओरडलं की सगळ्यांना ऐकू जातं, आणि कोण ओरडलं हे कोणी तपासत नाही. हेडलाइटही त्याच तारेवर. चोर हेडलाइटमागून तारेला हात घालतात आणि ओरडतात, 'चावी तपासली, बरोबर आहे, दार उघडा, इंजिन चालू होऊ द्या.' हे करणारं यंत्र एका साध्या जेबीएल ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेलं होतं. पोलिसांनी अडवलं तर काय दिसणार? गाणी ऐकायचा स्पीकर.

आता नीट विचार करा. गाडीने माहिती पाठवली होती. ती सर्व्हरवर पोचलीही होती. पण 'एवढे सगळे एरर एकदम आले म्हणजे कोणीतरी तारेशी खेळतंय' असा अर्थ लावणारं कोणी नव्हतं. एररच्या नोंदी सर्व्हिसिंगसाठी असतात, चोरीसाठी नाही, असं कोणीतरी कधीतरी ठरवलं असणार. सॉफ्टवेअरमध्ये हे रोज घडतं. लॉगमध्ये सगळं असतं, फक्त बघत कोणी नसतं.

मग कुठला अलर्ट चालू ठेवायचा

सांगायचा मुद्दा हा: दार फोडल्याच्या अलर्टवर विसंबू नका. गाडी फसली तरी दोन गोष्टी तिला लपवता येत नाहीत. ती सुरू झाली, आणि ती हलली. म्हणून ॲपमध्ये जाऊन 'इंजिन सुरू झालं' हा अलर्ट शोधा. दिवसभर तुम्हीच गाडी चालवत असता, म्हणून हा अलर्ट कटकटीचा वाटतो आणि बरेच जण पहिल्याच आठवड्यात तो बंद करतात. बऱ्याच ॲपमध्ये वेळेची मर्यादा लावता येते: रात्री अकरा ते सकाळी सहा गाडी सुरू झाली तरच सांग. आणि जिओफेन्स, म्हणजे नकाशावर घराभोवती एक गोल काढायचा आणि गाडी त्याच्या बाहेर गेली की फोन वाजायचा. रात्री या दोन्ही गोष्टींना मालक आणि चोर सारखेच. कोणीही गाडी हलवली तरी निरोप येतो. तुम्हीच निघाला असाल तर स्वाइप करून टाका.

जाता जाता, हाच जिओफेन्स बाबांच्या फोनवरही असू शकतो. 'गाडी लोणावळ्याच्या पुढे गेली' हा अलर्ट कोणाला गेला असेल, याचा विचार निघण्याआधी करा.

टो अलर्टही चालू ठेवा. इंजिन बंद असताना गाडी उचलली गेली की तो येतो. पुण्या-मुंबईत नव्वद टक्के वेळा ती ट्रॅफिकवाल्यांची टोईंग व्हॅन निघेल (हा माझा अंदाज, सर्व्हे नाही), पण तेही वेळेत कळलं तर बरंच.

शांतता म्हणजे काय समजायचं

आता नेटवर्क. चोराकडे जॅमर असेल तर मोबाइल आणि जीपीएस दोन्ही सिग्नल दाबले जातात. खासगी माणसाने जॅमर वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे, पण गाडी चोरणाऱ्याला ते एक कलम जास्त लागल्याचं फार वाईट वाटत नसावं. डबी उठते, ओरडते, आवाज बाहेर जातच नाही.

यावर इंजिनिअरचं उत्तर सोपं वाटतं: गाडीने ठरावीक वेळाने 'मी आहे' असं सांगायचं, आणि नाही सांगितलं तर सर्व्हरने बोंब मारायची. आमच्या धंद्यात याला हार्टबीट म्हणतात. सर्व्हर बंद पडले की आम्हाला असंच कळतं. मग गाड्यांत सर्रास का नाही? कारण बेसमेंट पार्किंग. दोन मजले खाली गेलेली गाडी आणि जॅमर लावलेली गाडी सर्व्हरला अगदी सारखीच दिसते: गप्प. प्रत्येक शांततेवर अलर्ट पाठवला तर निम्म्या शहराचा फोन रोज रात्री वाजेल, आणि आपण परत सुतळी बॉम्बवाल्या अलार्मपाशी येऊ. शिवाय सारखं 'मी आहे' म्हणायचं तर बॅटरी जाते. काही ट्रॅकर जॅमिंग स्वतः ओळखतात, म्हणजे सिग्नल नुसता कमी होणं आणि गोंगाटाखाली दाबला जाणं यातला फरक त्यांना कळतो, आणि ते गाडीचा हॉर्न वाजवतात किंवा इंजिन अडवतात. ट्रॅकर घेताना हे विचारा.

तुमच्या हातात एक साधी तपासणी आहे. रोजच्या जागी गाडी लावा, वर घरी जा, ॲपमध्ये गाडीची जागा मागवा आणि 'शेवटचं अपडेट' किती वाजताचं दिसतं ते बघा. ते आत्ताचं असेल तर उत्तम. दोन तासांपूर्वीचं असेल तर तुमच्या पार्किंगमध्ये ही सगळी यंत्रणा रात्रभर मुकी असते. मग स्टिअरिंग लॉकचा तो जाडजूड लोखंडी दांडा, जो आपल्याला आऊटडेटेड वाटतो, तोच जास्त कामाचा. चोराला तो कापायला वेळ लागतो, आणि त्याला नेटवर्क लागत नाही.

शेवटचा टप्पा तुमच्या उशाशी

समजा सगळं जमलं आणि निरोप फोनपर्यंत आला. रात्रीचे तीन वाजलेत. फोन डू नॉट डिस्टर्बवर. बॅटरी सेव्हर चालू. आणि गाडीचं ॲप तुम्ही महिनाभर उघडलेलंच नाही.

अँड्रॉइड ६ पासून फोनमध्ये डोझ नावाचा प्रकार आहे: फोन नुसता पडून असेल तर तो ॲप्सचं काम थांबवतो आणि निरोप साठवून मधूनमधून देतो. सर्व्हरने निरोप तातडीचा म्हणून पाठवला तरच तो लगेच येतो. काही ब्रँडच्या फोनमध्ये त्यावर कंपनीचा स्वतःचा बॅटरी मॅनेजर बसलेला असतो, आणि तो न वापरलेलं ॲप झोपवूनच टाकतो. म्हणून गाडीच्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, आणि डू नॉट डिस्टर्बच्या अपवादांत टाका. आयफोनवाल्यांनी फोकसमध्ये त्याला परवानगी द्या. ट्रॅकर फोन कॉल करणारा असेल तर तो नंबर फेव्हरिटमध्ये सेव्ह करा, म्हणजे रात्रीही रिंग वाजेल. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते वीस हजारांच्या सिक्युरिटी पॅकेजपेक्षा याने जास्त फरक पडतो. अजून एक: बऱ्याच गाड्यांची कनेक्टेड सेवा पहिली काही वर्षंच फुकट असते. ती कधी संपते ते बघून ठेवा.

ॲप हीच चावी

आता या नाण्याची दुसरी बाजू. ज्या ॲपमधून तुम्ही गाडीचं दार उघडता, त्या ॲपचं अकाउंट म्हणजे चावीच झाली.

मार्च २०१९ मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश कंपनीने दोन नावाजलेले स्मार्ट अलार्म तपासले, व्हायपर आणि पँडोरा. पँडोराची जाहिरात तर 'हॅक होऊच शकत नाही' अशी होती. त्यांना सापडलेली चूक कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये असते तशी होती. 'या युजरचा ईमेल बदल' असं सर्व्हरला सांगितलं की सर्व्हर बदलून द्यायचा. सांगणारा माणूस तोच युजर आहे का, हे तपासायचंच राहिलं होतं. म्हणजे तुमच्या अकाउंटवर माझा ईमेल टाकायचा, पासवर्ड रीसेट करायचा, की तुमची गाडी माझ्या फोनवर. जागा दिसते, दार उघडतं, अलार्म बंद होतो. त्यांच्या अंदाजाने तीस लाखांपर्यंत गाड्या या धोक्यात होत्या. कळवल्यावर काही दिवसांत कंपन्यांनी दुरुस्ती केली. पण लक्षात घ्या, अलार्म नसता तर हे दार उघडंच नसतं.

२०२४ मध्ये सॅम करी आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकेतल्या किया गाड्यांबाबत असंच दाखवलं. नुसत्या नंबर प्लेटवरून, अर्ध्या मिनिटात, गाडीची जागा कळायची आणि दार उघडायचं, कारण डीलरसाठी बनवलेल्या वेबसाइटमधून स्वतःला गाडीचा मालक म्हणून जोडून घेता यायचं. ते भोकही जाहीर होण्याआधी बुजवलं गेलं. मला त्यातली सगळ्यात खटकलेली गोष्ट ही, की आपल्या गाडीला नवीन माणूस जोडला गेलाय याचं खऱ्या मालकाला साधं नोटिफिकेशनही जात नव्हतं. टायरमध्ये हवा कमी झाली की सांगतात, आणि हे नाही.

आपल्याकडे याचं रोजचं रूप म्हणजे सेकंडहँड गाडी. आयबीएमच्या चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये एका सुरक्षा परिषदेत सांगितलं होतं की जुनी गाडी विकून बराच काळ लोटला तरी ती त्यांच्या ॲपमध्ये दिसत होती, आणि त्यांना ती हाताळता येत होती. तुम्ही पहिली गाडी जुनीच घेणार असाल, तर आरसी नावावर झाली, दोन्ही चाव्या मिळाल्या, एवढ्यावर थांबू नका. स्क्रीनवर आपला फोन ब्लूटूथने जोडला म्हणजे आधीचा मालक निघून गेला असं होत नाही. त्याच्यासमोर, त्याच्या फोनवरून, ॲपमधली गाडी काढून टाकायला लावा. मग शोरूमला जाऊन कनेक्टेड सेवा तुमच्या नावावर करून घ्या, आणि अजून कोणकोण जोडलेलं आहे ते विचारा. बाहेरून बसवलेला ट्रॅकर असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून डॅशबोर्डखाली बघून घ्या. गाडी विकणाऱ्यानेही हेच करायचं, नाहीतर तुमच्या घराचा पत्ता नकाशासकट पुढच्याकडे जातो.

खरंच फोन वाजला तर

पहिलं, एकट्याने खाली धावायचं नाही. खिडकीतून बघा, वॉचमनला फोन करा. गाडी हललेली असेल तर ११२ लावा, आणि ॲपमधली लाइव्ह जागा पोलिसांना द्या. चित्रपटासारखा पाठलाग नको. कार कंपनीच्या कॉल सेंटरचा नंबर आधीच सेव्ह करून ठेवा, कारण गाडी लांबून अडवायची सोय बऱ्याचदा त्यांच्याकडून, पोलीस तक्रारीनंतर चालू होते.

अडवणं म्हणजे काय, तेही सांगतो. चांगली यंत्रणा चालत्या गाडीचं इंजिन तोडत नाही. एकदा बंद झालेली गाडी परत सुरू होऊ देत नाही. स्वस्त ट्रॅकरमध्ये फ्युएल पंपाची वायर तोडणारा रिले असतो आणि ॲपमध्ये लाल बटण. ऐंशीच्या स्पीडला ते दाबलंत तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदत काही दाबांत संपते, आणि रस्त्यावर चोर एकटाच नसतो. असा ट्रॅकर घ्यायचाच असेल तर गाडी थांबल्यावरच रिले तुटेल, अशी सोय आहे का ते आधी विचारा.

एफआयआर लगेच करा, इन्शुरन्स कंपनीला लगेच कळवा. क्लेमच्या वेळी ते दोन्ही मूळ चाव्या मागतात, एक हरवली असेल तर प्रश्न सुरू होतात. एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र असेल तर प्रीमियमच्या ओन डॅमेज भागावर २.५ टक्के सूट मिळते, जास्तीत जास्त ५०० रुपये. रक्कम फार नाही, पण यंत्राला मान्यता आहे का हे त्या निमित्ताने कळतं. आणि ॲपमधल्या त्या रात्रीच्या अलर्टचे, गाडीच्या मार्गाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण काही ॲप्स जुना प्रवास थोड्या दिवसांनी पुसून टाकतात.